बर्फाच्या लादीवरची पत्रिका

गिरधरआबांच्या घरात कूलर एकच होता आणि तो कॉम्प्युटरसाठी होता. माणसांना छताचा पंखा, तोही दोन नंबरच्या पुढे नेला की खाटखाट वाजणारा.

जळगावात चैत्र लागला की दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. असल्या उन्हात मशीन तापून बंद पडू नये म्हणून आबांनी खिडकीतल्या कूलरचं तोंड थेट त्याच्या पाठीकडे वळवून ठेवलं होतं. ओल्या गवतातून येणारा गार वारा चार उन्हाळे त्या पत्र्याच्या पोटात शिरला. शेवंताबाई आत पोळ्या लाटता लाटता म्हणायच्या, "सुनंदाचे आबा, मले नाही तं नाही, पन भिंतीले तरी वारा लागू द्या." आबा म्हणायचे, "तुला घाम आला तर पदर आहे. याला घाम आला तर कोण पुसणार?" घ्या! घाम येऊ नये म्हणून ज्याला जिवापाड जपलं, त्याला त्या ओल्या वाऱ्यानंच आतून गंजवलं. हे कळायला अठ्ठ्याण्णव साल उजाडलं, आणि तोवर सांगायला शेवंताबाई उरल्या नव्हत्या.

गिरधर झांबरे मूळचे यावलकडचे. घरी केळीचा बाग होता, पण याला ना पाटाच्या पाण्यात गोडी ना घडांच्या वजनात. सतराव्या वर्षी पिशवीत दोन सदरे घालून जळगावात आला आणि कौतिकशेठच्या छापखान्यात जुळारी म्हणून चिकटला. शिशाचे खिळे, एकेक उलटं अक्षर, कप्प्यातून उचलायचं आणि ओळीत बसवायचं. जवळजवळ चाळीस वर्षं हेच केलं. बोलता बोलता हात कप्प्यात जायचा आणि न बघता बरोबर अक्षर घेऊन यायचा. उलटं वाचायची इतकी सवय लागली, की हजामाच्या दुकानात आरशातली पाटी ते सरळ पाटीच्या आधी वाचत.

त्यांचा हातखंडा म्हणजे लग्नपत्रिका. आणि आपल्याकडची पत्रिका तुम्हाला ठाऊकच आहे. नवरा-नवरीला दोन ओळी आणि भाऊबंदांना अख्खी मतदारयादी. एक चुलत काका सुटला तर मांडवात तोंड फुगवून बसतो. आबांच्या हातून असल्या हजारो याद्या गेल्या. पुढं कॉम्प्युटर आले, कौतिकशेठनी खिळ्यांचं काम बिलबुकांपुरतं ठेवलं, तेव्हा छप्पन्नाव्या वर्षी आबांनी एक जुनं मशीन घरी आणलं आणि समोरच्या खोलीत पत्रिका करायला बसले. वयाच्या मानानं पटकन शिकले. कुठली कळ दाबली की कुठलं मराठी अक्षर उमटतं हे सहा महिन्यांत बोटांना पाठ झालं.

शेवंताबाई शेजारी बसून याद्या वाचून दाखवायच्या. सातवी झालेली बाई, वाचन खणखणीत. लगनसराईत काम अंगावर आलं की आबा बाहेर कागद आणायला, पत्रिका पोचवायला जात, तेव्हा त्याच बसून नावं टाइप करायच्या. एका बोटानं, पण चूक नाही. "हे मशीन तं माह्या हाताचं जास्त ऐकतं," असं वर ऐकवायच्या.

आणि जगाच्या पत्रिका काढणाऱ्या या माणसानं स्वतःच्या एकुलत्या एक पोरीची पत्रिका काढली नाही.

सुनंदा लहानपणी शाळा सुटली की छापखान्यात येऊन प्रुफं वाचायची. स्टुलावर बसली की पाय जमिनीला टेकत नसत, पण चुकलेली वेलांटी तिच्या नजरेतून सुटत नसे. पुढं डी.एड. झाली, धुळ्याला शाळेत लागली. नव्वद साली दिवाळीच्या सुट्टीत ती छापखान्यात आली आणि एक कागद तिनं आबांसमोर ठेवला. तिच्या अक्षरात तिच्याच लग्नाचा मजकूर होता. मुलगा भाईदास, तिच्याच शाळेतला मास्तर. जात दुसरी. आबांनी कागद वाचला, त्याची चौघडी केली आणि तिच्या हातात परत दिला.

"ही पत्रिका माझ्या हातून निघायची नाही."

"मग बिनपत्रिकेचं करीन," सुनंदा म्हणाली.

केलंही. धुळ्यात, सरकारी कचेरीत, चार शिक्षकांच्या साक्षीनं. बाप तसा हट्टी, लेक त्याच्यावर कडी. मधल्यामध्ये चिरडली कोण, तर शेवंताबाई. धुळ्याला त्यांची मावसबहीण होती, तिच्याकडे जाते म्हणून वर्षातून दोनदा त्या एस.टी.त बसायच्या. परतताना पिशवीत सुनंदाच्या हातचं काहीतरी असायचंच. आबा विचारायचे नाहीत, पण खायचे.

सगळ्यात वाईट दिवस आखाजीचा, म्हणजे अक्षय तृतीयेचा. आखाजीला खानदेशात सासरची लेक माहेरी येते, बाप नाहीतर भाऊ मूळ म्हणून स्वतः जाऊन तिला घेऊन येतो, आणि गल्लीगल्लीत लिंबांना झोके लागतात. दर वर्षी त्याच्या महिनाभर आधी शेवंताबाई एकदाच विचारायच्या, "औंदा सुनंदाले मूळ धाडू का?" आबा म्हणायचे, "बघू." आबांचं बघू म्हणजे नाही. हे स्वतःचं लग्न झाल्यापासून शेवंताबाईंना कळत होतं, तरी विचारायच्या.

सत्त्याण्णवच्या मार्गशीर्षात शेवंताबाई गेल्या. दोन दिवस छातीत कळ, तिसऱ्या दिवशी सकाळी संपलं. सुनंदा आली, दहा दिवस राहिली, सगळं तिनंच केलं. त्या दहा दिवसांत आबा तिच्याशी जे बोलले ते बोटांवर मोजता येईल. जेवलीस का. पाणी तापलंय. आणि शेवटी स्टँडवर, बस सुरू झाल्यावर, "जा मग." म्हणायचं होतं, राहा. चार दिवस आणखी राहा, मला घर खायला उठतं. पण सात वर्षं तोंड मिटून ठेवलं की ते एकाएकी उघडत नाही. बस गेली आणि आबा रिकाम्या फलाटावर उभे राहिले. स्वतःचाच राग आला त्यांना, पण कोणावर काढणार?

नंतर दोन-अडीच महिने त्यांनी मशीनवरचं फडकं काढलं नाही. पाडव्याच्या आधी एक जुनं गिऱ्हाईक आलं, त्याला थोरल्याच्या पत्रिकेसारखीच धाकट्याची हवी होती. आबांनी कुरकुरत मशीन सुरू केलं आणि जुनी पत्रिका शोधायला यादी काढली. स्वतःची कामं ते गिऱ्हाइकाच्या आडनावानं ठेवत. यादी खाली सरकत गेली आणि तळाशी चार नावं दिसली, त्यांनी कधी न दिलेली. एल, क्यू, यू, ए, एन, के, आणि पुढं एक, दोन, तीन, चार असे आकडे.

दुसऱ्या कोणाला तो कचराच वाटला असता. आबांच्या बोटांना वाटला नाही. शेवंताबाईंना इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी मराठीच्या कळा दाबल्या होत्या, मशीननं त्याच कळांची इंग्रजी अक्षरं टिपली होती. एल म्हणजे स. क्यू म्हणजे उकार. आबांची बोटं हवेतच हलली आणि नाव झालं, सुनंदा.

सुनंदा एक, दोन, तीन, चार. पुढं तारखा होत्या, चार वेगळ्या वर्षांच्या. वेळ सगळ्यांची दुपारची, आबा पत्रिका पोचवायला बाहेर असत तेव्हाची. शेवटची तारीख गेल्या कार्तिकातली, म्हणजे जायच्या महिनाभर आधीची.

बाईनं चार वर्षं आपल्यामागं बसून सुनंदाच्या नावानं काहीतरी लिहिलं, आणि आपल्याला पत्ता नाही! त्यांनी पहिली फाइल उघडायला कळ दाबली. मशीनच्या पोटातून टक् टक् टक् असा आवाज आला, पडदा थिजला आणि सगळं बंद. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच. गिऱ्हाईक म्हणालं, "आबा, मी उद्या येतो." आबा म्हणाले, "येऊ नका." त्या दिवसापासून त्यांना एकच गोष्ट पाहिजे होती. त्या चार फायलींत शेवंतानं काय लिहून ठेवलंय, तेवढं वाचायचं. मग मशीन भंगारात गेलं तरी चालेल.

जळगावात तेव्हा कॉम्प्युटर दुरुस्त करणारे चांगले टाय लावून बसणारे लोक होते. दोघांनी बघितलं. एक म्हणाला नवीन घ्या. दुसरा म्हणाला आत काही उरलेलं नाही. मग आबा स्टँडमागच्या गल्लीत वना मिस्तरीकडे गेले. वना धुळ्याकडचा, अहिराणी बोलणारा, पन्नाशीचा, आयुष्यभर रेडिओ आणि टेपरेकॉर्डर उघडलेला माणूस. कॉम्प्युटर तो पुस्तकावर नाही, उघडून उघडून शिकला होता. त्यानं झाकण काढलं, आत टॉर्च मारला आणि कपाळावर हात मारला.

"आबा, हाई काय करी ठेवं तुम्हीन? बठ्ठा गंज शे!"

"कूलर लावत होतो," आबा म्हणाले.

"मशीनले कूलर? अन् तो बी पानीना?" वना खो खो हसला. मग आबांचं तोंड बघून त्यानं हार्डडिस्क बाहेर काढली, तळहातावर मावेल अशी लोखंडी डबी, आपल्या दुकानातल्या मशीनला जोडून बघितली. पाच मिनिटं फिरली, मग टक् टक्. पंख्याखाली गार होऊ दिली, पुन्हा जोडली. या वेळी तीनच मिनिटं.

"गरम व्हयनी का बंद पडस," वना म्हणाला. "थंडी ऱ्हायनी का चालस. पन आबा, दर खेपेले कमी चाली ऱ्हायनी. जास्त खेपा नहीत हिन्या अंगमा."

बाहेर त्रेचाळीस डिग्री. गारवा आणायचा कुठून? वनानंच डोकं चालवलं. म्हणाला, पहाटे या.

पहाटे साडेपाचला आबा दुकानाशी हजर. वनानं बर्फाच्या कारखान्यातून गोणपाटात गुंडाळून, भुसा लावून, अर्धी लादी सायकलवर आणली होती. डिस्क त्यानं दुहेरी प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली, ओल शोषायला सोबत मूठभर कोरडे तांदूळ, तोंडाला चिकटपट्टी, आणि त्यातून फक्त वायरी बाहेर. मग ती पिशवी लादीवर ठेवली आणि वर बर्फाचे तुकडे रचले. "काल तांदूळ बायकोले मांगात तं म्हने, कोनं लगीन शे?" वना म्हणाला. आबांना हसू आलं नाही. त्यांनी गोणपाटाचं एक टोक उगाचच हातात धरून ठेवलं होतं.

डिस्क फिरली. पहिली फाइल फ्लॉपीवर उतरली. लगेच दुसरी. तिसरीला मशीन अडखळलं आणि विचारू लागलं, पुन्हा वाचू की सोडून देऊ? वनानं पुन्हाची कळ दाबली. पुन्हा. पुन्हा. सोळाव्या खेपेला तिसरी उतरली. बर्फाचं पाणी टेबलावरून आबांच्या धोतरावर गळत होतं, ते सरकलेसुद्धा नाहीत.

चौथीला डिस्कनं टक् टकसुद्धा केलं नाही. आतून पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा आवाज आला आणि फिरणं थांबलं. वनानं बर्फ बदलला, डबी हलकेच झटकली, दोन तास वाट पाहून पुन्हा जोडली, देवाचं नाव घेतलं. नाही म्हणजे नाही.

"तीन हातमा शेतस, तेवढ्या तं दखूत," म्हणत त्यानं फ्लॉपी उघडली. पडद्यावर इंग्रजी अक्षरांची नुसती खिचडी. ओळीच्या ओळी, मधे चिन्हं, मधे आकडे, अर्थ कशालाच नाही. वनाचा चेहरा पडला.

"बठ्ठा कचरा व्हई गया, आबा. मना हातमा यश नही."

आबा पडद्याजवळ सरकले. वनाकडे मराठी अक्षरांचं पॅकेज नव्हतं, एवढंच झालं होतं. कचरा कुठला? कळा त्याच होत्या. त्यांनी दोन्ही हातांची बोटं ओल्या टेबलाच्या कडेवर ठेवली आणि पडद्यावरची अक्षरं एकेक करून लाकडावर दाबायला लागले. बोटं दाबत आणि तोंड बोले.

"श्री मनुदेवी प्रसन्न," आबा म्हणाले.

वना बघतच राहिला.

"आमचे येथे श्रीकृपेकरून... आमची कन्या... चि. सौ. कां. सुनंदा... हिचा शुभविवाह..." आबांनी खाकरून पुढं घेतलं. "चि. भाईदास यांचेशी... शके एकोणीसशे सतरा, वैशाख शुद्ध तृतीया, आखाजीचे शुभदिनी... स्थळ, आमचे राहते घरी."

पत्रिका होती. सात वर्षांपूर्वी जी निघाली नाही ती. खाली यादी होती, यावलचे, बोदवडचे, सावद्याचे, एकूण एक भाऊबंद, कोणालाही रुसायला जागा न ठेवता. धुळ्याची व्याहीमंडळीसुद्धा नावानिशी होती. दुसरी फाइल उघडली, तोच मजकूर, शके एकोणीसशे अठरा, आखाजी. तिसरी, एकोणीसशे एकोणीस, आखाजी. आखाजीला मुहूर्त विचारावा लागत नाही, दिवसच शुभ. म्हणजे बाईनं भटजीलाही मधे घातलं नव्हतं.

आणि आता आबांना सगळं उमगलं. मूळ धाडू का म्हणून दर वर्षी विचारलं, तेव्हा ही पत्रिका तयार असायची. आपण हो म्हटलं असतं, तर तिनं ती त्याच संध्याकाळी समोर ठेवली असती. आपण बघू म्हणत होतो, आणि ती मुकाट्यानं पुढच्या वर्षीची आखाजी घालून ठेवत होती. चार वर्षं! "शेवंता, अगं एकदा दाखवायची तरी," ते मोठ्यानं म्हणाले, आणि वनासमोर, दिवसाढवळ्या, हमसून हमसून रडले. वनानं बर्फाचा एक स्वच्छ तुकडा धुऊन, पेल्यात घालून पाणी दिलं.

"आबा," थोड्या वेळानं वना म्हणाला, "हाई खाले मात्र बिघडेलच शे. नुसता टिंबं शेतस."

आबांनी बघितलं. आपले नम्र, असं होतं. पुढं श्री., मग ओळीनं बारा टिंबं, आणि मग, व सौ. शेवंताबाई झांबरे. तिन्ही फायलींत तसंच, मोजून बारा.

"बिघडलेलं नाही," आबा म्हणाले. "ते माझं नाव आहे."

लग्नाला छत्तीस वर्षं झाली होती, शेवंताबाईंनी नवऱ्याचं नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं. उखाण्याला बायका मागं लागल्या तरी पदर तोंडाला लावून पळून जायच्या. टाइप करतानाही बोटाला ते जमलं नसेल. की हे त्यांचं त्यांनी भरावं, त्यांनी हो म्हटल्यावर, म्हणून जागा सोडली? आबांना कळेना. दोन्ही असेल. कुठलंही असो, ती जागा भरायला माणूस एकच होता आणि तो दर वर्षी बघू म्हणत बसला होता.

आखाजीला तीन आठवडे होते. चौथी फाइल गेली ती गेली, पण तिच्यात कुठला शक होता हे सांगायला आता मशीन लागत नव्हतं.

आबा वनाच्या दुकानातून घरी गेलेच नाहीत, तडक कौतिकशेठच्या छापखान्यात गेले. म्हणाले, "शेठ, दोन दिवस माझी जागा द्या." कौतिकशेठनी कारण विचारलं नाही, नुसती मान हलवली. खिळ्यांवर धूळ होती. डोळ्यांना अंधुक दिसत होतं, पण हात कप्प्यात गेला आणि बरोबर अक्षर घेऊन आला. जिथं कागदाची चौघडी करून परत दिली होती, त्याच जागी उभं राहून आबांनी सुनंदाची पत्रिका जुळवली. शके एकोणीसशे वीस घातलं. यादीतला एकही काका गाळला नाही. शेवटी टिंबांच्या जागी एकेक खिळा बसवला, गि, र, ध, र. तेवढ्या चार अक्षरांना त्यांना अर्धा तास लागला.

दुसऱ्या दिवशी प्रूफ घेऊन ते धुळ्याच्या एस.टी.त बसले. देवपुरातलं घर त्यांना माहीत नव्हतं. शेवंताबाईंच्या मावसबहिणीकडून पत्ता काढत, चुकत, घामाघूम होऊन दुपारी बाराला दार वाजवलं. सुनंदानं दार उघडलं आणि तिच्या हातातली तपासायच्या वह्यांची चळत दाराशीच घसरली.

"आबा? काय झालं? बरं आहे ना सगळं?"

"बरं आहे. प्रूफ आणलंय," आबा म्हणाले. एस.टी.त अडीच-तीन तास त्यांनी मोठमोठी वाक्यं जुळवली होती, त्यातलं एक आठवेना. "तुझ्या आईचा मजकूर आहे. वाचून दे. घाई नाही. म्हणजे, आखाजीच्या आत."

सुनंदा उभ्या उभ्या वाचायला लागली. पहिल्या चार ओळींनंतर खाली बसली, उंबऱ्यावरच. आबांनी दारात उभं राहून तिला सगळं सांगितलं, कूलर, गंज, बर्फ, टेबलावर दाबलेली बोटं. आणि ते बघूसुद्धा, दर वर्षीचं. स्वतःला पाठीशी न घालता सांगितलं. "माझं चुकलं, सुनंदा," ते म्हणाले. "तेव्हा चुकलं आणि मग दर वर्षी चुकलं. तुम्ही दोघं याल का? तुला राग असेल तर तसं सांग, मी प्रूफ परत नेतो."

डोळे पुसून सुनंदानं कानावरचं लाल पेन काढलं आणि पुन्हा पहिल्यापासून, बोट ठेवून, वाचायला लागली. एके ठिकाणी अनुस्वार सुटला होता तो घातला. सावद्याच्या काकांच्या आडनावातली वेलांटी दुरुस्त केली. शेवटच्या ओळीवर पेन थांबलं. श्री. गिरधर व सौ. शेवंताबाई झांबरे.

"आबा, इथं सौ. राहिलंय."

"हो."

"कै. पाहिजे."

"ठाऊक आहे." आबा भिंतीला टेकले. "तो खिळा दोनदा हातात घेतला. बसवता नाही आला, बाई."

सुनंदानं पेनचं टोक त्या अक्षरावर ठेवलं. बराच वेळ ठेवलं. कागदावर लाल ठिपका उमटला, पण रेघ काही ओढली गेली नाही. मग तिनं पेन उचललं, समासात लिहिलं, दुरुस्तीप्रमाणे छापावे, आणि खाली सही केली. "आत चला, जेवायचं आहे," ती म्हणाली. "भाईदास येतीलच एवढ्यात शाळेतून."

वर्षाच्या आत शुभकार्य करावं की नाही यावर भाऊबंदांत थोडी कुजबुज झाली. जाणत्यांनी सांगितलं, वर्षाच्या आत चालतं. आखाजीला सकाळी घरात शेवंताबाईंच्या नावाची घागर भरली, आमरस-पुरणाचा नैवेद्य दाखवला, आणि दुपारी अंगणातल्या मांडवात सात वर्षांच्या संसारी जोडप्यावर अक्षता पडल्या. वना मिस्तरी बायकोला घेऊन आला होता. यादीतलं एकही माणूस रुसलं नाही.

पंगतीच्या आधी बोदवडचे साडू पुनाभाऊ चष्मा सावरत, हातात पत्रिका घेऊन आबांकडे आले. दिवसभरात असं सांगायला आलेले ते सहावे की सातवे.

"गिरधरराव, राग मानू नका," ते हळूच म्हणाले, "पण एवढे जुने जुळारी तुम्ही, आणि घरच्याच पत्रिकेत चूक राहिली. ताईंच्या नावामागं सौ. पडलंय."

आबांनी पत्रिका हातात घेतली, त्या ओळीवरून अंगठा फिरवला आणि परत दिली.

"मूळ मजकुरात तसंच आहे, पुनाभाऊ," ते म्हणाले. "चला, पानं मांडलीत."